लॉग म्हणजे कुठला लॉग?

लॉग म्हणजे पाया धरलेल्या संख्येचा कितवा घात केला की हवी ती संख्या येते, तो आकडा. कॅल्क्युलेटरवर २ चा लॉग काढला की ०.३०१० येतो, पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत ०.६९३१. दोघंही बरोबर. कॅल्क्युलेटर १० हा पाया धरतो, पायथॉन ई, म्हणजे सुमारे २.७१८ ही संख्या. एक्सेल पुन्हा १० कडे वळतं, आणि अल्गोरिदमवाले २ हा पाया इतका गृहीत धरतात की तो लिहायचे कष्टही घेत नाहीत. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या मानकात १० साठी एलजी, ई साठी एलएन, २ साठी एलबी अशी चोख सोय आहे. शुद्ध गणितातली बरीच मंडळी तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, ई साठी खुशाल नुसतं लॉग लिहितात.

पाया चुकला तर ते पकडणं तसं सोपं. दोन उत्तरांपैकी मोठ्याला छोट्यानं भागावं. २.३०२६ आलं तर ई आणि १० ची अदलाबदल, ३.३२१९ आलं तर २ आणि १० ची, १.४४२७ आलं तर २ आणि ई ची. आलेखात मात्र ही चूक लपते. वक्र तसाच राहतो, फक्त उभा ताणला जातो. अक्षावर पाया न लिहिणाऱ्यांचा म्हणूनच राग येतो.

संमिश्र संख्यांत, म्हणजे उणे १ च्या वर्गमुळाला आय म्हणून घेतलेल्या संख्यांत, पायाचं भांडण मिटतं, तिथे सगळे ई वरच. मग कोनाचं सुरू होतं, म्हणजे प्रतलावर ती संख्या धन अक्षापासून किती वळली आहे याचं. ऋण संख्येच्या लॉगवरून योहान बर्नुली आणि लाइब्निझ हे गणिती १७१२-१३ मध्ये पत्रांतून भांडले. ऑयलरनं १७५१ मध्ये छापलेल्या निबंधात निकाल लावला: अशा लॉगच्या किमती अनंत, लागोपाठच्या दोघींत २ पाय आय एवढा फरक (पाय म्हणजे ३.१४१६; रेडियनमध्ये २ पाय म्हणजे पूर्ण फेरी). त्यातली एक निवडली की कॅपिटल एलचा लॉग, कोन उणे पायच्या पुढे ते पायपर्यंत. स्मॉल एलचा म्हणजे सगळा गोतावळा. काही पुस्तकांत नेमकं उलटं. आणि बोलताना दोन्ही लॉगच!

शिवाय निवडलेल्या किमतीला बेरजेचा नियम (गुणाकाराचा लॉग म्हणजे लॉगची बेरीज) नेहमी झेपत नाही. उणे १ चा लॉग पाय आय. त्याची दुप्पट २ पाय आय. पण उणे १ चा वर्ग १, आणि त्याचा लॉग शून्य. तेव्हा एलएन फक्त धन वास्तव संख्यांसाठी राखून ठेवावं. संमिश्र संख्येचा लॉग म्हणजे केवल मूल्याचा (शून्यापासूनच्या अंतराचा) एलएन, अधिक आय गुणिले कोन, असं मांडलं की कुठला भाग निर्धास्त आणि कुठला निसरडा ते दिसतं.

पायथॉनच्या सीमॅथमधल्या (संमिश्र संख्यांसाठीच्या भागातल्या) लॉगला उणे १ दिलं आणि काल्पनिक भाग (आयला गुणणारा आकडा) ०.० असला तर उत्तर पाय आय. तोच उणे ०.० असला तर उणे पाय आय. कॉन्जुगेट काढलं, म्हणजे काल्पनिक भागाचं चिन्ह उलटवलं, की शून्याला ते चिन्ह चिकटतंच. वास्तव संख्यांत उणे शून्य नावाची वेगळी संख्या नाही. मशीनमध्ये आहे, काय करणार.