तीनातून दोन

परवा दुपारी कपाटाची चावी शोधायला खण उपसला, आणि हाताला लागलं एक जुनं नाणं. इतकं झिजलेलं, की उजेडात तिरकं धरूनही छापा कुठला नि काटा कुठला कळेना. तरी सवयीने अंगठ्यावर ठेवून उडवलंच.

माझी एक खोड आहे. कशात अडलो की मी नाणं उडवतो, आणि कौल मनासारखा आला नाही की म्हणतो, बरं, तीनातून दोन. मग पाचातून तीन. देवाशीही माझं असंच चालतं. मागितलेलं मिळालं तर त्याची कृपा. नाही मिळालं तर त्याच्या कानावर गेलं नसेल. पुन्हा हात जोडायचे. याला श्रद्धा म्हणावं की निव्वळ चिवटपणा, कोण जाणे.

अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराचं नाव १८४५ साली नाणेफेकीवर ठरलं. एकाला ‘बोस्टन’ हवं होतं, दुसऱ्याला ‘पोर्टलंड’. तिथेही म्हणे तीनातून दोन असाच डाव झाला. हे वाचल्यापासून मला जरा धीर आहे.

राइट बंधूंचं तर आणखी मजेचं. १४ डिसेंबर १९०३ ला पहिल्यांदा कुणी उडायचं यासाठी नाणं उडवलं. विल्बर जिंकला, विमान जरा उचललं आणि वाळूत आपटलं. दुरुस्ती होऊन १७ तारखेला ऑरव्हिलची पाळी आली, बारा सेकंद हवेत राहिला, आणि पहिलं उड्डाण त्याच्या नावावर लागलं. नाणेफेक हरलेल्याच्या!

अलीकडे काही संशोधकांनी साडेतीन लाखांहून जास्त वेळा नाणी उडवून पाहिली. उडवताना जी बाजू वर असते तीच खाली येतानाही वर राहण्याचं प्रमाण शंभरात पन्नासहून किंचित जास्त निघालं, ५०.८. म्हणजे नाणंही थोडं हट्टीच. पण माझं डोकं निकालापेक्षा त्या माणसांपाशीच अडकलं. साडेतीन लाख वेळा! अंगठ्यांचं काय झालं असेल?

लहानपणी आमच्या घरी नाणं उडवायचा मान दादाचा. भांडण एकच, खिडकीशी कुणी झोपायचं. तो नाणं उंच उडवायचा, झेलून मनगटावर थाप मारायचा, तळहात जरासा उचलून एकटाच आत डोकवायचा आणि तोंड पाडून म्हणायचा, “जा, जिंकलास.” मी उशी घेऊन पळायचो. कित्येक वर्षं मी खिडकीशी झोपलो. नशीबवान आहे, अशी माझी तेव्हा पक्की समजूत होती. त्याच्या हाताखाली काय होतं, ते बघावंसं एकदाही वाटलं नाही.

नाणं हातात होतंच, म्हणून दादाला फोन लावला आणि विचारून टाकलं.

“कुठली खिडकी रे?” तो म्हणाला. मग चावी सापडली का, ते विचारत बसला.