चौघांत एक ब्लेझर

"मामा, ह्यो आमच्या चौघास्नी बसला पाहिजे."

असं म्हणून त्या पोरानं प्लॅस्टिकच्या कव्हरमधनं नेव्ही ब्लू ब्लेझर काढला आणि माझ्या कटिंगच्या टेबलावर आडवा पसरला. साइझ ४०. कुठल्या तरी सेलमध्ये २४०० ला घेतलेला, प्रत्येकी ६०० वर्गणी काढून. परत घेत नाहीत म्हणे. मी ब्लेझरकडं बघितलं, मग चौघांकडं. टेलरची नजर वाईट असते, दारात माणूस उभा राहिला की चेहऱ्याआधी छातीचं माप दिसतं. पुढ्यात उभे होते छत्तीस, अडतीस, चाळीस आणि बेचाळीस. त्यांची नावं मला नंतर कळली, पण माझ्या डोक्यात ते आकडेच बसलेत, म्हणून इथंही तेच चालवतो.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या गल्लीत माझं दुकान आहे, दोन मशिन आणि एक इस्त्री. पूर्वी लग्नसराईत रात्री दोन वाजेपर्यंत सूट शिवत होतो. आता रेडिमेडमुळं शिवण कमी आणि अल्टर जास्त. त्यामुळं अजब मागण्यांची सवय आहे. पण एक कोट चार अंगांना, ही पहिलीच.

"एकाच दिवशी हाय व्हय मुलाखत?"

"आमच्या तिघांची शिरोलीत, फाउंड्रीत. ह्याची दुसरीकडं, सकाळी लवकर." बेचाळीस बोलत होता. "एक जण भाईर आला की गेटवर कोट काढायचा, दुसऱ्यानं घालायचा. ठरलंय सगळं."

"आणि आतले साहेब आंधळे हायत? एकच कोट तीनदा आत आलेला दिसणार न्हाई त्यास्नी?"

ह्याचा विचार चौघांपैकी कुणीच केला नव्हता. छत्तीस खाली बघून हसायला लागला.

एका खोलीत राहणारी ही पोरं. तिघांचा मेकॅनिकल डिप्लोमा, अडतीस कॉमर्सचा. कोल्हापूरला हे नवं नाही. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, मग एकामागून एक बोर्डिंगं उभी राहिली, तेव्हापासून खेड्यातली पोरं इथं एका खोलीत चार-चार राहून शिकतात. साबण, स्टोव्ह, पुस्तकं वाटून घेतात. मग ब्लेझर का नको, असं त्यांना वाटलं असणार.

मी त्यांना समजावलं. शर्ट बाजूनं दाबता येतो. पँट कमरेत सोडता येते, मागच्या शिवणीत इंच-दीड इंच दाब, म्हणजे जादा कापड असतं. पण कोटाचा खांदा म्हणजे खांदा. तो बदलायचा तर बाही उतरवा, पॅड काढा, कॅनव्हास कापा, परत बाही चढवा. हजाराचं काम, आणि तेही एकाच अंगासाठी. चौघांना बसणारी एकच वस्तू असते, ती म्हणजे रेनकोट.

"हातात किती उरलेत?"

३२०० उरले होते. मुलाखत तीन दिवसांवर.

"उद्या सकाळी ट्रंकेत जे काय हाय ते सगळं घेऊन या. फाटकं, आखूड, लग्नातलं, सगळं."

बेचाळीस तेवढ्यात म्हणाला, "माझी मापं आत्ताच घ्या, उद्या सकाळी तालीम असती." तो तालमीतनंच आला होता, घाम पण सुकला नव्हता. मी टेप काढली आणि मापं घेऊन टाकली. ही माझी चूक. ती पुढं कळेल.

दुसऱ्या दिवशी टेबलावर ढीग पडला. मला वाटतं खरं काम तिथंच झालं, मशिनवर नाही. छत्तीसकडं कॉलेजच्या गणवेशाची करडी पँट होती, कापड उत्तम, पण तीन वर्षांत पोरगं वाढलेलं आणि पँट घोट्याच्या वर. चाळीसकडं चांगले काळे बूट होते, आठ नंबरचे, छत्तीसलाही होणारे. बेचाळीसचा पट्टा बरा होता. अडतीसकडं दोन पांढरे शर्ट आणि काळी पँट, सगळं अंगाबरोबर. गंमत म्हणजे ज्या गावाच्या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या गावात शिकणाऱ्या चार पोरांत बुटांचे जोड दोनच निघाले. एक हा चाळीसचा, दुसरा अडतीसचा. बेचाळीस चुलत्याचे आणणार होता.

मी अडतीसला म्हणालो, "तुझं तर सगळं हाय. तुला ब्लेझर कशाला?"

"मामा, मी सेल्सला चाललोय, फायनान्स कंपनीत. परवा संध्याकाळी त्यांच्या ऑफिससमोर अर्धा तास उभा ऱ्हायलो. सुटताना जेवढं भाईर आलं, त्यातल्या निम्म्याच्या अंगात कोट हुता."

गप्प बसलो. तीस वर्षं लोकांना काय घाला ते सांगतोय, पण जिथं जायचंय तिथली माणसं काय घालून बाहेर पडतात ते आधी जाऊन बघ, असं मी कुणाला सांगितलेलं मला आठवत नाही. ह्या पोरानं ते स्वतःच केलं होतं. तेव्हा ब्लेझर त्याचा. बाकी तिघांचे १८०० त्यानं पहिल्या पगारातनं द्यायचे, असं तिथंच ठरलं, मला साक्षीदार ठेवून.

फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, कोटाचं काय काम? तिथं मुलाखत घेणारा साहेबच बहुधा कारखान्यातल्या कामावरनं उठून येतो. स्वच्छ शर्ट, बसणारी पँट, बास. चाळीस आणि छत्तीसला रेडिमेड शर्ट चालणार होते. बेचाळीसचा प्रश्न वेगळा. तालमीतल्या अंगाला रेडिमेड बसत नाही. कॉलर सतराची घ्यावी तर पोटात तंबू होतो, पोट बघून घ्यावा तर गळ्याचं बटण लागत नाही. पँटचंही तसंच, मांडीला बसते ती कमरेत चार इंच मोठी. ज्या गावात १९१२ पासून खासबागेचं कुस्तीचं मैदान आहे, तिथल्या टेलरला हे माप तोंडपाठ असावं लागतं.

म्हणून मी आणि बेचाळीस केएमटीच्या बसनं गांधीनगरला गेलो. हे गाव मुळात वळिवड्याची छावणी. महायुद्धात तिथं पोलंडचे निर्वासित राहिले, फाळणीनंतर सिंधी मंडळी आली आणि त्यांनी कापडाची पेठ उभी केली. आम्ही टेलर लोक तिथं डोळे मिटून हिंडतो. बेचाळीसनं पहिल्याच दुकानात ११० रुपये मीटरचा ताका धरला. "हेच घेऊया, स्वस्त हाय."

"पन्हा बघ."

पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ३६ इंच. त्याच्या अंगाला फुल बाहीचा शर्ट म्हणजे त्यातलं पावणेतीन मीटर, ३०२ रुपये. शेजारी ५८ पन्ह्याचं १६० रुपये मीटरनं होतं, त्यातलं १.८० पुरतं, २८८. वर टेरिकॉट, म्हणजे बसमधून उतरल्यावर चुरगळलेलं दिसणार नाही. नुसत्या कॉटनचा माझा हट्ट त्याच्यासाठी मीच सोडला, नाहीतर मला स्वतःला कॉटन आवडतं. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग बसला, तिथलं कॉटन हातात घेतलं की सोडवत नाही. पण त्याला इस्त्री लागते, आणि ह्या पोरांच्या खोलीत इस्त्री नव्हती.

रंगावर जरा वाद झाला. मी पांढरा म्हणालो. तो म्हणाला, "मामा, फाउंड्रीत पांढरा? गेटपासनं आत जाईस्तवर काळा हुईल." फिकट निळा घेतला. पँटला गडद करडं, १.४० मीटर, ३२२. दुकानदारानं काळ्याचा आग्रह धरला होता, पण स्वस्तातलं काळं कापड चार धुण्यांत मातकट होतं.

शिलाई खरं तर शर्टाची ३५० आणि पँटची ४५०. मी २०० सोडले. सगळं फुकट केलं नाही, माझंही पोट ह्याच टेबलावर आहे.

छत्तीसच्या पँटनं मात्र वेळ खाल्ला. खालची दुमड उसवली तर दोन इंच कापड निघालं, पण जुन्या घडीवर पांढरी रेघ. सगळंच्या सगळं कापड खाली सोडलं आणि आतनं दुसऱ्या कापडाची पट्टी जोडून दुमडलं, म्हणजे लांबी पुरेपूर मिळते. रेघेवर ओला फडका टाकून दाबून इस्त्री फिरवली. अर्धी गेली, अर्धी राहिली. "पाय टेबलाखाली असत्यात," मी त्याला म्हणालो. त्याला ते पटलं नाही, दर दोन मिनिटांनी खाली बघत होता.

ब्लेझर पाठीत आणि दोन्ही बाजूंनी दाबला. खांदा अर्धा इंच बाहेर राहिला, तो राहू दिला. मागच्या कापाला कंपनीनं मारलेली फुलीची टीप तशीच होती, खिसे शिवलेले होते आणि बाहीवर कंपनीची चकती होती. ब्लेडनं टीप काढली, खिसे उघडले आणि चकतीला हात लावला तसा अडतीस ओरडला.

"ऱ्हाऊ द्या की मामा! ब्रँड दिसतोय."

"अरे, ही दुकानात ओळखायला असती. घालायच्या आधी काढायची."

चौघंही चकतीकडं बघत राहिले. अडतीसनं ती उचलून पाकिटात ठेवली.

हिशेब वहीच्या मागच्या पानावर आहे. बेचाळीस १२१०. छत्तीस ५००, म्हणजे शर्ट ३८०, दाबायचे ८०, पँटचे ४०. चाळीस ९७०, त्यात ५५० ची रेडिमेड पँट. ब्लेझरचे ३५०. एकूण ३०३०. उरलेल्या १७० मध्ये काळ्या मोज्यांचे तीन जोड दीडशेला, आणि वीस रुपयांत दोन चहा पाच जणांत.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी सातला शटर वाजलं. बेचाळीस. नवा शर्ट अंगात, आणि कॉलरमध्ये दोन बोटं आरामात जात होती. बगलेतही सैल. मी डोक्याला हात लावला. मापं घेतली तेव्हा जोर-बैठका मारून, झोंब्या खेळून आलेला, मान, छाती, दंड सगळं फुगलेलं. आता सकाळचं थंड अंग. शिकाऊ पोरानंही करू नये अशी चूक. उसवायला वेळ नव्हता. त्याला स्टुलावर बसवलं, गळ्याचं बटण कापलं आणि पाव इंच आत सरकवून अंगावरच लावलं. दोरा दातानं तोडला तेव्हा त्याच्या गळ्याची शीर उडताना दिसत होती.

"घाबरलाईस व्हय?"

"सुई टोचंल म्हणून."

छत्तीस आणि बेचाळीस लागले. चाळीसचं झालं नाही, त्यानं नंतर कागलच्या एमआयडीसीत बघितलं. अडतीसला दुसऱ्या फेरीला बोलावलं, तिथंही कोट घालून गेला, आणि आता त्याच कंपनीत आहे. ब्लेझरचे पैसे अजून दिले नाहीत, असं बाकीचे म्हणतात.

दोन महिन्यांनी बेचाळीस परत आला. संध्याकाळची वेळ, हातात पिशवी. मला वाटलं पेढे. पिशवीतनं दोन करडे शर्ट आणि दोन पँटी निघाल्या, खिशावर कंपनीचं नाव शिवलेलं.

"युनिफॉर्म दिलाय मामा. दोन जोड. एकबी बसंना."

"आणि आपला निळा?"

"ट्रंकेत हाय. तिथं कोण घालू देतंय?"

मी टेप गळ्यात टाकली, उठलो आणि आधी त्याच्या कपाळाकडं बघितलं.

"तालमीतनं आलाईस का घरातनं?"