बसवलेला शब्द

गेल्या महिन्यात आत्याबरोबर सराफाकडे गेलो होतो. होणाऱ्या नातसुनेसाठी मोत्यांचा हार आणि कुड्या घ्यायच्या होत्या. गादीवरच्या तरुणाने मखमली डबी उघडून पुढे सरकवली आणि म्हणाला, "काकू, हा पूर्ण सेटच घ्या. खडेसुद्धा अगदी पक्के सेट केलेत." आत्याने चष्मा वर सारला, कुडीतला माणिक नखाने हलवून पाहिला आणि म्हणाली, "बसवलेत म्हण की रे!"

आत्याने नकळत त्या शब्दाची व्युत्पत्तीच सांगितली होती. इंग्रजीत 'सिट' म्हणजे बसणे आणि 'सेट' हे त्याचेच प्रयोजक रूप, म्हणजे बसवणे. कोंदणात खडा बसवणे, मोडलेले हाड बसवणे, ही कामे दोन्ही भाषांनी एकाच क्रियापदाकडे सोपवावीत, याची मला फार गंमत वाटली. डबीतला पहिला 'सेट' मात्र वेगळ्या घराण्यातला आहे. समूह या अर्थाचे ते नाम जुन्या फ्रेंचमार्गे लॅटिनमधील 'सेक्टा' या शब्दापासून, म्हणजे एखाद्याच्या मागोमाग जाणाऱ्या अनुयायांपासून आले. पंथ या अर्थाचा इंग्रजी शब्दही तिथलाच. पुढे उच्चार सारखा झाल्याने दोन्ही शब्द एकमेकांत मिसळले. म्हणजे हार आणि कुड्या हा एक छोटासा पंथच झाला, आणि त्या तरुणाने एका दमात दोन निराळे शब्द वापरले होते.

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती 1989 मध्ये 20 खंडांत निघाली, तेव्हा त्यातली सर्वांत लांब नोंद 'सेट' या क्रियापदाची होती. सुमारे 60,000 शब्दांच्या त्या नोंदीत 430 अर्थछटा दिलेल्या होत्या. एवढा मजकूर म्हणजे एक बेताची कादंबरीच, आणि तीही एका तीन अक्षरी शब्दावर! आपण ते ओझे एकट्या 'बसवणे'वर टाकलेले नाही. गजर, आग, सापळा, विरजण आणि कवितेची चाल आपण 'लावतो', जेवणाची पाने 'मांडतो' आणि परीक्षेचा पेपर 'काढतो'. इंग्रजी माणूस मात्र टेबल, घड्याळ, सापळा, प्रश्नपत्रिका सगळे 'सेट'च करतो. आपले प्राध्यापक होण्यासाठी द्यावी लागणारी 'सेट' यात मोजायची नाही, कारण ती तीन इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांची आहे. तरी ती सुटली की माणूस सेट होतो, असे ती देणारे मानतात.

सूर्याच्या बाबतीत वाटा फुटतात. आपला सूर्य मावळतो किंवा अस्ताला जातो. तो बसला असे कोणी म्हणत नाही. इंग्रजीतला सूर्य मात्र खरोखरच बसायला जातो. जुन्या इंग्रजीत सूर्यास्ताला 'सेट्लगँग' असा शब्द होता, आणि त्याचा अर्थ आसनाकडे जाणे. दिवसभर वणवण करून ओसरीवर टेकलेल्या म्हाताऱ्यासारखा तो सूर्य मला मावळणाऱ्या सूर्याइतकाच आवडतो.

एवढे सगळे कळल्यावर, 'दही सेट झाले' म्हणणाऱ्यांना 'लागले म्हणा' असे सुचवण्याचा आगाऊपणा मी सुरू केला. दही लागते, त्याला सेट व्हायची गरज नाही, हे माझे मत अजून कायम आहे. परवा आत्याचा फोन आला. लग्नाची तारीख सांगून झाल्यावर ती समाधानाने म्हणाली, "चला, नातू पुण्यात छान सेट झाला." तिचेच वाक्य तिला परत करावे म्हणून मी तोंड उघडले आणि मिटले. नातू 'बसला' म्हटले असते, तर त्याची नोकरी गेली की काय, म्हणून ती घाबरली असती.