तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी लावल्यावर हेल्मेटचं काय करायचं?

गाडी लावून, हेल्मेट तिथेच अडकवून निघालो की बरोबरचं कुणीतरी विचारतंच, "अहो, चोरीला नाही जात?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर.

जाऊ शकतं. गाडीच्या बाजूला किल्लीचं लॉक असतं किंवा सीटखाली हुक असतो, त्यात आपण अडकवतो तो हनुवटीचा पट्टा. पट्टा विणलेला, धारदार पात्यापुढे त्याचं काही चालत नाही. त्यातही बरेच जण बकल लावून पट्ट्याचा फास हुकात टाकतात. मग कापायचीही गरज नाही, बकल दाबलं की हेल्मेट मोकळं. हुकात घालायची ती पट्ट्याला शिवलेली धातूची कडी. तुमच्या हेल्मेटला अशी कडी नसेल, तर त्या हुकाचा भरवसा धरू नका.

मी पट्ट्यावर विसंबतच नाही. फुल फेस हेल्मेटला पुढे हनुवटीची दांडी असते. प्लास्टिकचं आवरण असलेली पोलादी केबल काचेच्या बाजूने आत घालून खालून बाहेर काढायची, म्हणजे ती दांडीभोवती फिरते. मग गाडीच्या फ्रेममधून ओवून नंबर लॉक लावायचं. चाकातून मात्र ओवू नका. घाईत विसरून गाडी काढलीत तर चोराची गरजच उरणार नाही. अर्ध्या हेल्मेटला ही दांडी नसते, ते सरळ हातात घेऊन जावं. केबलही कापता येतेच. ती जाता-येता हात मारणाऱ्यासाठी, कटर घेऊन आलेल्यासाठी नव्हे. गाडी रात्रभर बाहेर राहणार असेल तर हेल्मेट घरात.

पण खरं सांगू? चोरापेक्षा मला आरशाची धास्ती जास्त. आरशावर हेल्मेट टोपीसारखं चढवून ठेवायची सवय फार पसरलेली आहे, आणि सोयीचीही आहे. मात्र आतल्या कापडी अस्तरामागे थर्माकोलचा जाड थर असतो. अपघातात तोच चेपतो आणि डोक्यापर्यंत पोचणारा धक्का कमी करतो. त्याचं काम एकदाच चेपण्याचं. चेपलेला भाग पुन्हा फुगून येत नाही. आरशाचं टोक रोज त्याच जागी रुतलं की तिथे खड्डा पडतो. वरून अस्तर असल्यामुळे तो दिसत नाही, बोटाने दाबलं तरच लागतो. म्हणजे हेल्मेट कुणी नेलं नाही, तरी त्याचा थोडा भाग कमी झालेलाच.

पेट्रोलचंही तसंच. थर्माकोल पेट्रोलमध्ये विरघळतो. टाकी भरताना हेल्मेट टाकीवर टेकवू नये आणि पेट्रोलचा बोळा असलेल्या डिकीत कोंबू नये. डिकीत मावत नसलेलं फुल फेस हेल्मेट वरून सीट दाबून बसवणारे लोक पाहिले की मला बोलावंसं वाटतं, बहुधा बोलतोही. सीटवर नुसतं ठेवलेलं हेल्मेट साइड स्टँडवर कललेल्या गाडीवरून घसरतंच. रिकामं पडलं तर आत डोक्याचं वजन नसल्यामुळे आतला थर सहसा वाचतो, पण काचेवर ओरखडे उठतात आणि रात्री समोरच्या दिव्यांत तेच त्रास देतात.

बाजूच्या लॉकला लटकवताना ते गरम सायलेन्सरला टेकत नाही ना, तेवढं बघा. तसंच लटकतं ठेवून गाडी हलवायची नाही, अगदी चार पावलंही नाही. ते चाकात जाऊ शकतं.

मागे टॉप बॉक्स बसवलात तर यातलं बरंचसं करावं लागत नाही, फक्त हेल्मेट आत बसतं का ते विकत घेण्याआधी प्रत्यक्ष घालून पाहा. तोवर उघड्यावर ठेवायचं झालं तर तोंड खाली करून अडकवा, पावसाचं पाणी आत साचत नाही. ब्लूटूथचा संच काढून खिशात टाका. त्याला कुठलंच कुलूप नसतं.