अकरा मिनिटांचे थोरलेपण

परवा लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या बाईंनी बाळ्याकडे पाहत मला सहज विचारले, “हे तुमचे पाठचे भाऊ का?” मी “हो” म्हणाले. उत्तर खरेच होते. आम्हां जुळ्यांत मी अकरा मिनिटांनी मोठी आहे. परंतु बाईंच्या मनात मिनिटे नव्हती, आठ-दहा वर्षे होती, हे त्यांच्या “थोरल्या बहिणीची माया वेगळीच असते हो” या पुढच्या वाक्यावरून कळले, आणि तेव्हापासून तो पाठचा भाऊ माझी पाठ सोडत नाही.

गंमत अशी की जुळ्यांची ही गोष्ट मी तीस वर्षे वर्गात शिकवली. 1911 साली फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पॉल लांजव्हँ यांनी प्रकाशाच्या जवळपास वेगाने जाणाऱ्या प्रवाशाची कल्पना मांडली. तो दोन वर्षांनी परततो, तेव्हा पृथ्वीवर दोनशे वर्षे उलटलेली असतात. पुढे त्या प्रवाशाला घरी राहिलेले जुळे भावंड मिळाले. फळ्यावर आकृती काढताना जाऊन येणाऱ्याची रेषा मोडलेली असे आणि घरी थांबलेल्याची सरळ उभी, आणि मी मुलांना बजावत असे की सरळ रेषा सर्वांत आखूड हा भूमितीचा नेहमीचा नियम येथे उलटतो, सरळ रेषेवरच सर्वांत अधिक वय साचते. ते वाक्य स्वतःला लावून पाहावे असे तेव्हा कधी वाटले नाही. बाळ्या विमाने उडवीत राहिला आणि मी आईच्या औषधांच्या वेळा सांभाळीत त्या सरळ रेषेवर थांबले. त्याबद्दल तक्रार नाही. निदान आईबद्दल तरी नाही.

काल रात्री झोप येईना म्हणून अखेर कागद घेतला. बाळ्याचे उड्डाण वीस हजार तासांचे, वेग ताशी 900 किलोमीटर धरला. विशिष्ट सापेक्षता सिद्धांतानुसार वेगात घड्याळ संथ चालते, आणि एवढ्या वेगाने त्याचे वय वाचले ते सुमारे 25 मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचे 25 दशलक्षांश. येथेच थांबले असते तर रडू आले असते. परंतु दहा किलोमीटर उंचीवर गुरुत्वाकर्षण किंचित क्षीण असते आणि घड्याळ किंचित जलद चालते, हे व्यापक सापेक्षतेचे कलम मी विसरले होते. त्यापायी त्याचे वय सुमारे 78 मायक्रोसेकंदांनी वाढले. (1971 साली हाफेल आणि कीटिंग यांनी सीझियमची अणुघड्याळे प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती नेली, तेव्हा पूर्वेकडे गेलेली सुमारे 59 नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचे 59 अब्जांश, मागे पडली आणि पश्चिमेकडे गेलेली 273 पुढे गेली, बाळ्या दोन्ही दिशांना सारखाच हिंडला आहे, तेव्हा तो भेद मी सोडून दिला.) वजाबाकी केली. आकाशात राहून तो माझ्यापेक्षा सुमारे 53 मायक्रोसेकंद अधिक म्हातारा झाला आहे.

मग केस काळे कसे, हा प्रश्न भौतिकशास्त्राचा नाही. त्याचे उत्तर त्याच्या न्हाणीघरातील कपाटात असते.

सकाळी फोनवर हे सांगितले, तर म्हणतो, “म्हणजे आता तू मला दादा म्हणणार का?” मी पुन्हा कागद ओढला. अकरा मिनिटांचे माझे थोरलेपण भरून काढायला त्याला अशा सव्वा कोटी कारकिर्दी कराव्या लागतील. तोपर्यंत ताईच, असे त्याला ठणकावून सांगितले. कलपाचे नाव मात्र विचारायचे राहून गेले.