रीस्टार्ट मारायच्या आधी फोन करा ना राव

"सर, टेन्शन घेऊ नका, मी सर्व्हर रीस्टार्ट करून ठेवलाय, आता एकदम मस्त चालतोय."

सायबर हल्ल्यांचा तपास करणं हा माझा धंदा. रात्रीचे सव्वादोन, नाशिक फाट्याजवळ गाडी बाजूला घेऊन मी हे ऐकत होतो. चाकणची एक कंपनी, नाव नाही सांगत, गाड्यांचे पार्ट बनवतात, त्यांचा एक सर्व्हर मध्यरात्री बाहेरच्या कुठल्यातरी अनोळखी आयपी पत्त्याशी बोलत होता, ते फायरवॉलवर (नेटवर्कच्या दारावरचा पहारेकरी) दिसलं आणि ड्युटीवर आयटीतला 24-25 वर्षांचा एकटा पोरगा. त्याला वाटलं आपण मदतच केली. चिडायला पण येईना मला, कारण आपल्या सगळ्यांना कम्प्युटरचं पहिलं औषध हेच शिकवलंय, बंद कर, चालू कर, नाहीच झालं तर वायर काढून परत लाव.

पोचलो तर डिस्कवर काहीच नाही. म्हणजे जो प्रोग्राम बाहेर बोलत होता तो डिस्कवर कधी उतरलाच नव्हता, विंडोजच्याच पॉवरशेल या कमांड चालवायच्या टूलमधून थेट मेमरीत (म्हणजे रॅममध्ये, जी बंद केलं की रिकामी होते) चढलेला आणि दुसऱ्याच एका सभ्य दिसणाऱ्या प्रोसेसच्या (चालू प्रोग्रामच्या) पोटात बसलेला, तो रीस्टार्टबरोबर गेला, त्याची कमांड लाइन गेली, चालू कनेक्शन्स गेली. चोर कुठल्या खिडकीतून आला ते पुढे लॉगमधून कळलं, काय घेऊन गेला ते आजपर्यंत नाही कळलं. आणि मालकांचा प्रश्न तर तेवढाच होता, "आमची ड्रॉइंग्ज गेली का हो?"

आमच्या धंद्यात याला ऑर्डर ऑफ व्होलॅटिलिटी म्हणतात, जे आधी उडून जाणार ते आधी गोळा करायचं. फेब्रुवारी 2002 चं आरएफसी 3227 आहे, म्हणजे इंटरनेटवाल्यांचा एक मार्गदर्शक दस्तऐवज, ब्रेझिन्स्की आणि किलाली या दोघांनी लिहिलेलं, त्यात उतरंड दिलीये: सगळ्यात वर सीपीयूचे रजिस्टर आणि कॅश (प्रोसेसरच्या आतली इवलीशी मेमरी), मग राउटिंग टेबल, एआरपी कॅश (नेटवर्कवरच्या शेजारी मशीन्सचे पत्ते), प्रोसेसची यादी आणि मेमरी, मग टेम्पररी फाइल्स, मग डिस्क, मग दुसरीकडे साठवलेले लॉग, आणि तळाला नेटवर्कची मांडणी, बॅकअपच्या टेप वगैरे. पुरावा गोळा होईपर्यंत मशीन बंद करू नका हे पण त्यात स्वच्छ लिहिलंय. 2002 मध्ये! तेव्हा आपल्याकडे लोक सायबर कॅफेत तासाचे पैसे देऊन बसत होते.

पण ही उतरंड पाठ करून कुणी कामाला आला तर मी त्याला पहिल्या दिवशी सांगतो की बाबा, रजिस्टर विसर. चालत्या मशीनचे रजिस्टर तू हातात घेऊ शकत नाहीस, तू कमांड टाइप करेपर्यंत ते अब्जावधी वेळा बदललेत. आणि दुसरं म्हणजे लॉग खालच्या पायरीवर दिलेत म्हणून निवांत राहायचं नाही. विंडोजचा सिक्युरिटी लॉग बहुतेक ठिकाणी मूळ सेटिंगवरच असतो, 20 एमबी, भरला की जुनं पुसून नवं लिहितो, गर्दीच्या सर्व्हरवर 20 एमबी म्हणजे काहीच नाही. छोट्या फायरवॉलचे लॉग त्याच्या स्वतःच्या मेमरीतच फिरत असतात, कुणी तो पण "एकदा रीस्टार्ट करून बघू" म्हटलं की संपलं. डीव्हीआरवरचं सर्व्हर रूमचं सीसीटीव्ही फुटेज पण असंच स्वतःवर लिहीत जातं. त्यामुळे माझा हिशोब असा की काय आधी मरतंय एवढंच बघून चालत नाही, ते मेल्यावर माझं किती नुकसान, आणि ते उचलायला किती मिनिटं लागतात, हे तिन्ही एकत्र बघायचं. एआरपीची नोंद साधारण अर्ध्या मिनिटात शिळी होते, लिनक्सवर बंद झालेलं कनेक्शन टाइम-वेट नावाच्या स्थितीत 60 सेकंद दिसतं आणि मग यादीतून गायब, पण ही यादी घ्यायला 10 सेकंद लागतात म्हणून ती पहिली, मग लगेच रॅमचा डंप (मेमरीत आहे ते सगळं एका फाइलमध्ये उतरवणं), आणि डंप चालू असताना दुसऱ्या माणसाने फायरवॉलचे लॉग बाहेर काढायचे. डिस्क कुठे पळून जात नाहीये, तिची इमेज, म्हणजे हुबेहूब कॉपी, सकाळी पोहे खाऊन घेतली तरी चालते (एसएसडी असेल आणि कुणी फाइल्स डिलीट केल्या असतील तर मात्र नाही, तिथे ट्रिम नावाची सोय डिलीट झालेल्या जागेची आपोआप सफाई करत बसते, त्या दिवशी पोहे राहू देत).

रॅम का एवढी महत्त्वाची याचं माझं आवडतं उदाहरण वॉनाक्रायचं, म्हणजे फाइल्सना कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचं. 12 मे 2017, शुक्रवार, जगभर कम्प्युटर लॉक झाले. नंतर आद्रियाँ गिने नावाच्या फ्रेंच माणसाच्या लक्षात आलं की विंडोज एक्सपीवर त्या कुलपाची किल्ली बनवताना वापरलेले प्राइम नंबर्स मेमरीतून पुसलेच जात नाहीत, तसेच पडून असतात, ते शोधले तर किल्ली परत बनवता येते. त्याने वॉनाकी टूल काढलं, मग बेंजामिन डेल्पीने वॉनाकीवी काढलं जे विंडोज 7 पर्यंत चाललं. अट एकच, इन्फेक्शननंतर मशीन रीबूट झालेलं नको आणि ती जागा दुसऱ्या कशाने भरलेली नको. म्हणजे ज्याने घाबरून काहीच केलं नाही त्याला फाइल्स परत मिळायचा चान्स होता, आणि ज्याने पटकन "मदत" केली त्याची किल्ली त्याच्याच बोटाने पुसली गेली.

आता लगेच हे व्हॉट्सॲपवर "कधीही मशीन बंद करू नका" असं फॉरवर्ड करू नका, कारण दीडच महिन्यात नॉटपेट्या हा दुसरा व्हायरस आला. 27 जून 2017, आपल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम त्याने ठप्प केलं होतं. तो काही फाइल्स आधी एन्क्रिप्ट करायचा (कुलूपबंद करायचा) आणि मग मशीन रीबूट करून खोटी चेकडिस्कची स्क्रीन दाखवायचा, बघणाऱ्याला वाटतं विंडोज डिस्क दुरुस्त करतंय आणि मागे मास्टर फाइल टेबल, म्हणजे डिस्कवर कुठली फाइल कुठे आहे त्याची यादी, एन्क्रिप्ट होतंय. तिथे सल्ला उलटा होता, ती स्क्रीन दिसली की सरळ पॉवर काढा. म्हणून डोळ्यासमोर एन्क्रिप्शन चालू असेल तर मी पुराव्याचं नाव काढत नाही, आधी आग विझवायची. पण मशीन नुसतं गुपचूप बाहेर बोलतंय, नुकसान मिनिटामिनिटाला वाढत नाहीये, तर पॉवर चालू ठेवायची, नेटवर्कपासून तोडायचं (ईडीआर, म्हणजे मशीनवर लक्ष ठेवणारं सिक्युरिटी सॉफ्टवेअर, असेल तर त्यातूनच आयसोलेट करा, नाहीतर स्विचवरून पोर्ट बंद करा) आणि ते पण कनेक्शनची यादी घेतल्यावर.

डंप घेताना होणारे घोळ सांगतो, कारण हे कुठल्या कोर्समध्ये सांगत नाहीत. 64 जीबी रॅमचा सर्व्हर, पोरगा खिशातला पेनड्राइव्ह लावतो, पेनड्राइव्ह फॅट32 फॉरमॅटचा, चार जीबीला फाइल थांबते आणि एरर येते, तोपर्यंत सात-आठ मिनिटं गेली. मग तो म्हणतो सी ड्राइव्हवरच घेऊ, आणि डिलीट झालेल्या ज्या फाइल्स आपण उद्या शोधणार त्यांच्याच जागेवर 64 जीबी ओतून मोकळा होतो. माझ्या बॅगेत एनटीएफएस (ज्यावर मोठी फाइल बसते) केलेली एक टीबीची एसएसडी, आणि डंप घ्यायची टूल्स, विनपीमेम, डम्पइट आणि लिनक्ससाठी एव्हीएमएल, कायम असतं, त्या मशीनवरच्या कमांड्सवर मी शक्यतो विश्वास ठेवत नाही कारण त्याच बदललेल्या असू शकतात. व्हर्च्युअल मशीन (एका मोठ्या सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभं केलेलं मशीन) असेल तर मात्र लॉटरी लागली समजा, मेमरीसकट स्नॅपशॉट घ्या, आतल्याला पत्ता पण लागत नाही. मेमरीसकट हा शब्द दोनदा वाचा, तो चेकबॉक्स विसरलेले लोक मी बघितलेत. क्लाउडवर तर डिस्कचा स्नॅपशॉट घेऊन लोक खूश होतात आणि त्यात रॅम नसते, वर ऑटोस्केलिंग (गरजेप्रमाणे मशीन्स आपोआप कमीजास्त करणं) चालू असेल तर आजारी दिसणारं मशीन ते स्वतःच मारून नवं उभं करतं, म्हणजे रीस्टार्ट मारणारा पोरगा तिथे सॉफ्टवेअरमध्येच बसवलाय.

बिटलॉकरचं, म्हणजे विंडोजच्या डिस्क कुलूपबंद करायच्या सोयीचं पण बघा, मशीन चालू आहे तोवर डिस्क उघडी आहे, बंद केलं आणि रिकव्हरी की कुणाकडे नाही तर डिस्कची इमेज म्हणजे नुसता रद्दीचा गठ्ठा.

कायद्याचं थोडक्यात. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या आदेशाप्रमाणे घटना कळल्यापासून 6 तासांत रिपोर्ट करायचं, आणि लॉग 180 दिवस ठेवायचे, घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवायची. घड्याळाचं लोक हसण्यावारी नेतात, चाकणला फायरवॉल सर्व्हरच्या 11 मिनिटं पुढे होता आणि माझे दोन दिवस त्या 11 मिनिटांनी खाल्ले. कोर्टात जायचं असेल तर 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63, त्याच्या सर्टिफिकेटमध्ये हॅश, म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा, लिहावा लागतो. सर्टिफिकेटचं महत्त्व मराठी माणसाला वेगळं सांगायला नको, 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने जुन्या कायद्यातल्या याच सर्टिफिकेटच्या कलम 65बी वर जो मोठा निकाल दिला तो जालन्याच्या निवडणुकीच्या खटल्यातलाच. रॅमच्या डंपची गंमत अशी की मूळ मेमरी परत तशी कधीच मिळणार नाही, डंप चालू असतानाही ती बदलत असते, म्हणून फाइल तयार झाली की त्याच मिनिटाला हॅश काढायचा आणि कुणी, कुठल्या टूलने, किती वाजता घेतला ते वहीत पेनाने लिहायचं. माणसाची आठवण पण व्होलॅटाइलच असते, सकाळी विचारलं की "साधारण दीड वाजता असेल सर" असं उत्तर येतं.

चाकणच्या त्या पोराचा तीन महिन्यांनी परत फोन आला, परत रात्रीच. "सर, सर्व्हर बाहेर डेटा पाठवतोय, मी कशाला हात नाही लावला, मॅनेजर साहेबांना पण नाही लावू दिला, कनेक्शनची यादी घेतली, डंप चालू आहे, 40 टक्के झालाय." मी चप्पल घालून जिन्यात होतो. यादीचा फोटो मागवला, बघितला, आणि परत वर येऊन झोपलो. त्यांनीच आदल्या आठवड्यात लावलेला क्लाउड बॅकअप होता. डंप मात्र त्याने पूर्ण केला, हॅशसकट, आणि वहीत वेळ पण लिहिली होती, सेकंदासह.