कॅसेटमध्ये न मावलेला शेवट

झोप येईना म्हणून हेडफोन लावले आणि काय ऐकायचं ते शोधता शोधता पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा 'विश यू वेअर हिअर' समोर आला. टायटल साँग सुटं सुटं शंभरदा ऐकलंय, पण अख्खा अल्बम सलग म्हणजे त्या कॅसेटच्या दिवसांनंतर आजच.

माझ्याकडे ओरिजिनल कधीच नव्हती. वर्गातल्या एका मित्राने भरून दिलेली कॅसेट, वर पेनाने नुसतं 'फ्लॉइड', बाकी कोण गातंय, गाण्यांची नावं काय, काही पत्ता नाही. त्यामुळे माझे घोळही भारीच. 'हॅव अ सिगार'च्या शेवटी आवाज एकदम बारीक होतो, लांबच्या रेडिओतून आल्यासारखा, मग खरखर, स्टेशनं बदलल्यासारखं काहीतरी, आणि मग ती गिटार. मला वाटायचं टेप गेली! कापसाला स्पिरिट लावून हेड पुसायचे, पेन्सिल घालून टेप ताणून घ्यायचे, परत लावायचे, परत तिथेच खरखर. आज ती जागा आली आणि हसूच आलं. एक गिटार रेडिओतली, पातळ, आणि तिच्यावर दुसरी अगदी कानाशी, जणू कुणीतरी खोलीत बसून रेडिओबरोबर वाजवतंय, मध्येच खोकतोही. तो खोकला मी मित्राचा समजायचे, भरताना चुकून आलेला.

पहिलं गाणं तेव्हा सरळ फॉरवर्ड. आठ मिनिटं उलटली तरी कुणी तोंडच उघडत नाही, एवढा धीर कुणाला होता त्या वयात. आज मात्र गिलमोरचे, म्हणजे बँडच्या गिटारवाल्याचे, ते चार सूर आले, थांबले, परत तेच चार, आणि मी पडल्या पडल्या उठून बसले. ते मशीनवालं गाणं तेव्हा लई भारी वाटायचं, आज जरा नाटकी वाटलं, असो.

हे सगळं सिड बॅरेटसाठी, हे पण खूप नंतर वाचलं. बँड सुरू करणाऱ्यांपैकी एक, १९६८ मध्ये बाहेर पडला, आणि ५ जून १९७५ ला, याच अल्बमचं काम चालू असताना, अॅबी रोड स्टुडिओत येऊन उभा राहिला. जाड झालेला, डोकं आणि भुवया भादरलेल्या. मित्रांनी त्याला ओळखलंच नाही आधी. मी तर टायटल साँगला ब्रेकअपचं गाणं समजून रडायचे, बोला.

आणि शेवट. कॅसेट होती ४५ मिनिटांची, म्हणजे एका बाजूला साडेबावीस, आणि अल्बमची दुसरी बाजू तेवीसच्या आसपास, त्यामुळे माझ्याकडे शेवटच्या गाण्यात टेप खट्‌कन थांबायची आणि मला तोच शेवट वाटायचा. आज ते थांबलंच नाही. सगळं विरत जाताना रिक राईट की-बोर्डवर हळूच एक ओळखीची चाल वाजवतो, 'सी एमिली प्ले', सिडचं १९६७ चं गाणं. दोन-तीन सेकंद, बस. मी चारदा मागे नेऊन ऐकलं.

रात्रीचे दीड वाजलेले तरी मित्राला मेसेज टाकला, तुझ्या कॅसेटमध्ये शेवट नव्हता रे.

लगेच उत्तर आलं, 'अगं माझी पण कुणाकडून तरी भरून घेतलेलीच होती. काय आहे शेवटी?'